कथलाचा गोट आणि बाटलीचा बिल्ला

दोस्तांनो, दागिन्यांवर लिहितेय म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे पान उलटतील. चळवळीच्या अंकात कानातल्या-गळ्यातल्याचं काय काम? रोज कुठेतरी आपली वस्ती पेटते, आपला पोरगा मार खातो, आणि ही बाई मणी ओवत बसलीय! हे माझ्या तोंडावर बोलून झालंय. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कावर मी टेबल मांडते. बाजूला पुस्तकं, फोटो, निळे झेंडे, बाबासाहेबांची पदकं. पुस्तकांचं गाठोडं काखेत मारलेला एखादा कार्यकर्ता थांबतो, एक डूल उचलतो, उलटसुलट करतो आणि म्हणतो, ''ताई, आपल्या बायकांच्या अंगावर अजून हेच का?'' त्याचा राग जागेवरचा आहे. म्हणून उत्तरही नीट द्यायला पाहिजे. टेबलावर गिऱ्हाईक आणि गर्दी सांभाळत ते देता येत नाही. इथे देते.

मी दागिने करते. सोनं नाही, चांदी नाही. बाटलीचे पत्र्याचे बिल्ले, फुटक्या बांगड्यांची काच, टेलिफोनच्या तारा, सायकलच्या ट्यूबचं रबर, सूत, चिंध्या, काडेपेट्या, चिंचोके, शर्टाची बटणं. लहानपणी ज्याच्याशी खेळले ते सगळं. कलेतले लोक याला 'मिक्स मीडिया' म्हणतात. आमच्या चाळीत याला एकच नाव होतं, कचरा.

आधी दागिन्याचं सांगते. दागिना म्हणजे नटणं एवढंच ज्यांना माहीत आहे ती घरं वेगळी. आपल्या घरात दागिना हा कायदा होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं, मेलेल्यांचे कपडे अंगावर घालावेत, फुटक्या भांड्यात जेवावं आणि दागिने लोखंडाचे घालावेत असं नेमून दिलंय. नीट बघा, दागिने घालू नका असं त्यात नाही. घाला, पण लोखंडाचे घाला. म्हणजे माणूस लांबून येताना दिसला की कोण ते कळावं. पेशवाईत अस्पृश्याला मनगटात नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, चुकून शिवाशिव होऊ नये म्हणून. बाबासाहेबांनी हे १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितलंय. त्याच पुस्तकात इंदूरकडच्या बलाई लोकांची हकीकत आहे, जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आलेली. गावच्या पाटील-पटवाऱ्यांसकट वरच्या जातींनी बलाईंना फर्मान काढलं. त्यात एक कलम असं, की तुमच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. एका ठिकाणी लोखंड घाल म्हणून हुकूम, दुसऱ्या ठिकाणी सोनं घालू नको म्हणून हुकूम. आपल्या बाईचं अंग म्हणजे गावाची नोटीस लावायची भिंत!

केरळात पुलया बायकांनी गळ्यात दगडी मण्यांच्या माळाच घालायच्या, अशी रीत होती. कल्लुमाला. कल्लु म्हणजे दगड. अय्यनकाली यांच्या हाकेवरून १९१५ साली कोल्लमकडे पेरिनाडच्या भागात बायकांनी त्या माळा टाकायला सुरुवात केली. जमीनदारांच्या माणसांनी मारहाण केली, झोपड्या जाळल्या. पुढे कोल्लमच्या सभेत बायकांनी सगळ्यांसमोर माळा कापून काढल्या आणि माळांचा ढीग पडला. त्या लढ्याला आजही कल्लुमाला समरम म्हणतात.

आणि आपलं महाड. डिसेंबर १९२७. मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं नेसायची पद्धत बदला. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे, चांदीचे गोट ही अस्पृश्य ओळखायची खूण आहे, ती टाका. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. बायकांनी ऐकलं. तिथल्या तिथे लुगड्याची नेसण बदलली. बेबी कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये सांगितलंय की महाराच्या बाईला लुगड्याचा काठसुद्धा निऱ्यांत दडवून नेसावं लागे. त्या बायकांनी काठ उघड्यावर आणला. याहून मोठी फॅशन हिंदुस्थानात झाली असेल असं मला वाटत नाही.

माझी पणजी महाडला गेली नव्हती. सातारा जिल्ह्यातलं माण तालुक्यातलं आमचं गाव. पाऊस नाही, पाणी नाही, पण महाडची बातमी तिथेही पोचली. पणजीच्या हातात कोपरभर गोट होते, लग्नात चढवलेले. ते काढायला लोहाराकडे कोण जाणार? तिने दगडावर हात ठेवून नवऱ्याकडून फोडून घेतले. माझी आजी तेव्हा पाचसहा वर्षांची. ती सांगायची, ''गोट निघालं तवा खालची कातडी गोरीपान निघाली बग. पट्टंच्या पट्टं. आय म्हनली, एवडीच जागा उनात राबली न्हाई.''

मी जेव्हा पक्कड हातात घेते तेव्हा हे सगळं मला पाठ असतं. दागिन्याचा इतिहास मला कुणी शिबिरात शिकवायला नको. तो पट्टा माझ्या घरातल्या हातावर होता.

आता दुसरा इतिहास. तो कुठे लिहिलेला नाही, कारण तो पोरींचा आहे.

मी वाढले मुंबईला, डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीत. एका खोलीत नऊ माणसं. आजोबा गिरणीत सूतखात्यात होते, वडीलही तिथेच लागले. आजोबांच्या काळी साचेखात्यात आपल्या माणसाला शिरू देत नसत. कांडीचा धागा तुटला की तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे. महाराने तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा तोंड कसा लावील? पगार साचेखात्यात जास्त, आणि तिथेच बंदी. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे आमच्या घरात धाग्यालाही जात होती. वडील सुताचे तुटके तुकडे, रिकाम्या कांड्या आणायचे खिशातून. त्या आमच्या बाहुल्या. कांडीला चिंधी गुंडाळली की बाई, चिंधी काढली की बुवा.

चाळीत सगळ्यात मोठा खजिना बांगडीच्या काचांचा. काचापाणी खेळायला लागायच्या. बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आम्ही पोरी खरंच वाढवायचो. रॉकेलची चिमणी पेटवायची. काचेचा तुकडा दोन्ही टोकांना धरून मधला भाग ज्योतीवर धरायचा. आधी काजळी धरते, मग काच लाल होते, मग ओल्या पिठासारखी वाकते. टोकं जवळ आली की चिमट्याने टेकवायची. झाली कडी. तिच्यात दुसरा तुकडा अडकवून पुन्हा चिमणीवर. कडीत कडी. हिरवी, लाल, पिवळी, निळी. बोटं भाजायची, चिकटून फोड यायचे. आई लाटणं घेऊन मागे लागायची, ''घर पेटवतीस काय गं बये?'' तरी आमच्या मजल्यावर दारादारात काचेच्या साखळ्या लटकत.

एकदा शेजारची एक काकू विधवा झाली. नवरा टीबीने गेला. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्यांनी दारातच तिच्या बांगड्या फोडल्या. आपली माणसं, भिंतीला बुद्धाचा फोटो, आणि तरी फोडल्या! हिरव्या काचा जिन्यापर्यंत पसरल्या. आम्ही पोरी लांब उभ्या. त्या काचा उचलायला धीर होईना. दोन दिवसांनी आईच झाडू घेऊन गेली, काचा सुपलीत भरल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. ''घे. खेळ. काचंत कसलं आलंय पाप?'' त्या काचांची कडी मी केली आणि काकूच्याच दाराला लावली. काकू काही बोलली नाही. तिने ती काढलीही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जायचो. तिथला खजिना वेगळा. ओली भुईमुगाची शेंग टोकाला दाबली की तोंड उघडते, ती कानाच्या पाळीला चिकटवायची. झाली कुडी! घाणेरीची बारकी फुलं एकात एक खोवत गेलं की अंगठी होते. गुलबक्षीच्या फुलाचा तंतू ओढून फूल कानाला लोंबवायचं, झालं लोलक. कडब्याच्या चिपाडाचा चष्मा. आणि बाभळीचं फूल, पिवळंधमक, गोल, हुबेहूब सोन्याचा मणी. एकदा मी दोन्ही कानांत बाभळीची फुलं आणि गळ्यात बाभळीच्या फुलांची माळ घालून रस्त्याने नाचत चालले होते. गावातली एक म्हातारी ओट्यावर बसली होती. ''कुणाची गं तू? खालच्या आळीची न्हवं? एवडं सोनं कुणी घाटलं गं तुज्या अंगावर?'' आणि हसली. ते हसणं कौतुकाचं नव्हतं, हे सात वर्षांच्या पोरीला कळतं. मी घरी येऊन आजीला सांगितलं. आजीने माळ काढली नाही. उलट अंगणातली झेंडूची दोन फुलं मधे ओवली आणि म्हणाली, ''जा. आता परत त्याच वाटंनं जा.'' मी गेले.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. मी नऊ वर्षांची. पहिले दोन महिने चाळीत सणासारखं होतं, बाप लोक दिवसा घरी! मग भांडी विकली गेली. मग आईचं डोरलं गहाण पडलं. ते काही सुटलं नाही. तिने खोटं आणून घातलं नाही, गळा मोकळाच ठेवला. मी काचांची साखळी तिला करून दिली, सत्तर कड्यांची. तिने ती घातली, दिवसभर घालून चूल-पाणी केलं, आणि संपात पहिल्यांदा खुदकन हसली. रात्री काढून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळ्याला अडकवली. म्हणाली, ''काच हाय. झोपंत रगत काडंल.''

वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. डिलाइल रोडची खोली गेली, आम्ही मालाडच्या डोंगरावर झोपडीत आलो. मालाड म्हणजे खोट्या दागिन्यांचं आगर. बाया घरी माल आणून खडे चिकटवतात, मणी ओवतात, कड्या लावतात. ग्रोसवर पैसे. ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४ नग. आई आणि मी रात्री दोन-दोनपर्यंत बसायचो. गोंदाने बोटांची सालं निघायची, खडे बघून बघून डोळे चुरचुरायचे. नवरीच्या हारात शेवटची कडी आमच्या हातची असायची आणि शेटचा माणूस म्हणायचा, ''हात धुऊन काम करता ना?'' हे काम करणाऱ्या बाया आजही तिथे आहेत, आजही नगावर पैसे घेतात. पण हाताला शिक्षण मिळालं ते तिथेच. नाकाच्या पकडीने कडी कशी उघडायची – ओढायची नाही, पीळ देऊन बाजूला सारायची, म्हणजे परत जुळते. कानस कुठल्या बाजूने चालवायची. फिरकीची तार किती जाड हवी. हे कुठल्या आर्ट स्कूलात गेले असते तरी याहून वेगळं शिकले नसते.

दहाबारा वर्षांपूर्वी मी ग्रोसचं काम सोडलं आणि स्वतःचं सुरू केलं. काय करते ते दोनतीन नगांवरून सांगते.

भिंगरी. बाटलीचा बिल्ला दगडाने ठोकून सपाट करायचा, मधे दोन भोकं पाडायची, दोरा ओवून पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी ताणायचा. भर्रर्र आवाज करत फिरतो. लहानपणी अशा भिंगऱ्यांनी आम्ही एकमेकींचे दोरे कापायचो. माझ्या हारात मधोमध हा बिल्ला असतो. कडा कानसून बोथट केलेल्या, एका बाजूला निळ्या कापडाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बिल्ल्याचा मूळ रंग तसाच. दोरा सुताचा, आठ पदरी. हार गळ्यात असताना दोन्ही बाजू धरून ताणल्या की तो छातीवर फिरतो. निळा आणि लाल मिळून जांभळा दिसतो. मीटिंगमध्ये कंटाळा आला तर फिरवायला बरा पडतो!

तारेची अंगठी. चाळीखाली टेलिफोन खात्याची माणसं रस्ता खणून केबल टाकायची. तुकडे पडायचे. एका केबलीत बारीक तारा किती, आणि प्रत्येकीचा अंगरखा वेगळ्या रंगाचा – निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. त्यांच्या अंगठ्या विणायचो. मी त्याच तारा भंगारातून घेते. एका कड्यात बारा तारा विणते, आणि मधे बांगडीची चिमणीवर वाकवलेली काच. आता चिमणी नाही, गॅसची बारीक शेगडी आहे, पण काच तशीच वाकते.

काडेपेटीचं पदक. काडेपेटीला आतून कापड, बाहेरून गोंद आणि रोगण, म्हणजे घामाने भिजत नाही. पेटी सरकवली की आत एक चिंचोका, घासून अर्धा केलेला, पटाचा डाव खेळायला असतो तसा. चार जणींनी चार पदकं घातली तर मिळून डाव मांडता येतो. शेंगेच्या कुड्या कापडाच्या करते, आत तार, दाबली की तोंड उघडतं. ट्यूबचं रबर कापून जाळी करते. रबर आपल्या लोकांच्या हाताला नवं नाही. धारावीत सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' काढून शिवीचंच नाव पाटीवर लावलं आणि टाकाऊ रबराच्या पिशव्या जगाच्या बाजारात नेल्या. ते बघून मला जोर आला.

पैसे फार नाहीत. पण या कामाला एकदा मोठं गिऱ्हाईक आलं होतं, ते सांगितलंच पाहिजे. मुंबईच्या दक्षिणेकडच्या एका महागड्या दुकानाच्या बाई. चांगल्या बोलणाऱ्या, पाणी विचारून बसणाऱ्या. माझं काम त्यांना आवडलं, पण त्यांना वेगळं हवं होतं. म्हणाल्या, ''तुमच्या समाजात पूर्वी ते जाड जाड गोट घालायचे ना, कोपरापर्यंत? तसा सेट करा. दोनशे नग. आणि प्रत्येकाबरोबर कार्ड देऊ, की हे अस्पृश्य बायका घालायच्या. लोकांना स्टोरी लागते.'' अर्धे पैसे आगाऊ द्यायला तयार. माझ्या पोरीच्या कॉलेजची फी तोंडावर होती. झोपडीचं भाडं थकलेलं. मी एक दिवस मागून घेतला. रात्री हिशेब केला, एकदा नाही, तीनदा. दोनशे नगांत वर्ष निघत होतं.

सकाळी फोन करून नाही म्हटलं. बाई गोंधळल्या. ''पण हा तर तुमचाच वारसा आहे!'' मी म्हटलं, ''बाई, तो आमचा वारसा नाही, आमची शिक्षा आहे. आमच्या पणजीने दगडावर हात ठेवून फोडलाय तो वारसा. तुमच्या गिऱ्हाइकाला हौस म्हणून मी तो परत जोडून देणार नाही.'' आईला सांगितलं तर ती म्हणाली, ''केलंस ते बरं केलंस.'' मग थोड्या वेळाने, ''पर भाड्याचं काय करनार?'' भाड्याचं मग पुन्हा ग्रोसवर केलं. तीन महिने खडे चिकटवले. पोरीने फी दोन हप्त्यांत भरली.

हे मी एका शिबिरात सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. पण मागून एक पोरगा उठला. विशीतला, इंजिनिअरिंगला असावा. म्हणाला, ''ताई, कथलाला नाही म्हणालात, छान. पण तुमच्या भिंगरीचा बिल्ला कशाचा असतो माहीत आहे? लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा. म्हणजे मनूचं लोखंडही आलं आणि गावाचं कथीलही आलं. मग फरक काय राहिला?''

सभा गप्प. मला त्या पोराचा अभिमान वाटला. चळवळीने विचार करायला शिकवलं ते असं.

मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. धातूला जात नसते. ती देणाऱ्याच्या हातात असते. बाबासाहेबांनी महाडला जे सांगितलं त्याच्यामागचं कारण त्यांनी तिथेच सांगितलं – ही ओळखायची खूण आहे म्हणून टाका. स्वतः बाबासाहेब कसे राहायचे? उत्तम शिवलेला सूट, उत्तम पेन. देखणेपणाशी त्यांचं भांडण नव्हतं, दुसऱ्याने लावलेल्या पट्ट्याशी होतं. कथलाचा गोट कुणी घालायचा, किती घालायचा, हे गावाने ठरवलं. बिल्ला मला कुणी दिला नाही. पानाच्या ठेल्याखालून मी उचलला, मी ठोकला, मी फिरवला. तो बघून कुणाला माझी जात कळत नव्हती. बामणाच्या पोराकडेही तसलाच बिल्ला होता, आणि माझ्या भिंगरीने त्याचा दोरा कापला होता!

म्हणून मी काही नियम केलेत. गोट आणि गळसरीचा आकार करणार नाही. काळा दोरा वापरणार नाही, कितीही उठून दिसला तरी. कार्डावर जात विकणार नाही; नाव, गाव आणि वस्तू कशाची आहे एवढंच लिहीन. गावाने ज्या वस्तूला आपल्या अंगावर चढवलं ती बाद. पोरीने स्वतः खेळायला उचलली ती चालेल, मग ती लोखंडाची असो की काचेची. पोरगा म्हणाला, ''आणि सोनं?'' मी म्हटलं, ''सोनं घे ना! बाबासाहेबांनीच सांगितलंय. मला परवडत नाही एवढंच.'' तेव्हा सगळे हसले, तो पण.

तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात असेल. खेळ कशाला? आपलं लहानपण दुःखाचं, ते दुःख लिहा, रंगवा, गा. ते झालंच पाहिजे, होतंय. पण आपल्या आत्मकथनांतून भूक येते, मार येतो, मेलेलं ढोर येतं, आणि पोरींचा खेळ मात्र एखाद्या ओळीत उरकतो. जणू आम्ही खेळलोच नाही. खेळलो की! नऊ माणसांच्या खोलीत, संपात, उपाशीपोटी, गहाण पडलेल्या डोरल्याच्या शेजारी बसून काचा वाकवल्या. ज्यांना वाटतं की या लोकांकडे फक्त दुःख असतं, त्यांना आपलं हसणं बघवत नाही. त्या ओट्यावरच्या म्हातारीला मी रडत गेले असते तर चाललं असतं. बाभळीची फुलं घालून नाचत गेले ते नाही चाललं. आणि आजीने मला त्याच वाटेने परत पाठवलं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण राजकारण येत होतं.

'आम्हीही इतिहास घडवला' हे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं पुस्तक १९८९ ला आलं. चळवळीतल्या बायकांना घरोघरी जाऊन विचारून लिहिलेलं. तसंच कुणीतरी आता म्हाताऱ्या बायकांना विचारलं पाहिजे, तुम्ही लहानपणी काय खेळलात? कशाची माळ केली? कुणी बघून हसलं? त्या बायका एकेक करून जातायत. माझी आजी गेली, पट्ट्याची गोष्ट माझ्याकडे ठेवून गेली. कार्यकर्त्यांनो, वस्तीत सर्व्हे करायला, सभेचं सांगायला जाताच, तेव्हा हा एक प्रश्न जास्तीचा विचारा. लिहून आणा.

मी रविवारी दुपारी आमच्या वस्तीतल्या विहारात पोरींना शिकवते. आठ-दहा जणी येतात, दोन पोरगेही येतात. कड्या कशा लावायच्या ते मी शिकवते, काय करायचं ते त्या ठरवतात. मागच्या महिन्यात एकीने फुटक्या मोबाइलच्या काचेचं पदक केलं, दुसरीने पाण्याच्या बाटलीच्या झाकणांचा पैंजण. वाजत नाही, पण चालताना एकमेकांवर आपटून टकटक करतो. तिला विचारलं, याचं नाव काय? म्हणाली, ''नाव नाय अजून. आधी घालून बघते.''